लंकेचा पाहुणा आणि सोपाऱ्याचा शिलालेख

१६ डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात श्रीलंकेचे अध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके यांचे लष्करी मानवंदनेने स्वागत झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली होती. पहिल्याच परदेश-दौऱ्यासाठी त्यांनी भारताची निवड केली, या गोष्टीला राजनैतिक वर्तुळात साहजिकच महत्त्व देण्यात आले. दुसऱ्या दिवशी ते बोधगयेला गेले, महाबोधी मंदिरात त्यांनी दर्शन घेतले आणि मायदेशी परतले. श्रीलंकेचा नेता भारतात आला की दौऱ्याची आखणी बहुधा अशीच असते. एक दिवस वाटाघाटींचा आणि एक दिवस यात्रेचा. वृत्तपत्रांनीही या भेटीचे मोजमाप नेहमीच्या पद्धतीने केले. कर्जाचे काय ठरले, चीनच्या जहाजांविषयी कोणते आश्वासन मिळाले, तामिळ प्रांतांच्या अधिकारांविषयी कोण काय बोलले आणि कोण काय बोलण्याचे टाळून गेले, याची चर्चा चार दिवस चालली आणि थांबली.

हे मोजमाप चुकीचे होते असे नाही. परंतु राज्यकर्त्याच्या प्रवासाला आणि त्या निमित्ताने होणाऱ्या समारंभांना कोणते माप लावावे, याविषयीचा एक फार जुना विचार मुंबईपासून हाकेच्या अंतरावर दगडावर कोरलेला सापडला आहे, आणि त्याचा श्रीलंकेशी संबंध इतर कोणत्याही देशापेक्षा निकटचा आहे, ही गोष्ट या साऱ्या चर्चेत कोणाला आठवली नाही. वसई-विरारच्या वाचकाला तरी ती आठवायला हवी. कारण तो दगड त्याच्याच गावचा आहे.

दोन शिळा

चर्चगेटहून विरारकडे जाणाऱ्या गाडीने नालासोपारा स्थानक सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे. गाडीतून रोज ये-जा करणाऱ्या लाखो कारकुनांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना नालासोपारा या नावाने दाटीवाटीच्या इमारती, पाण्याची टंचाई आणि दारात लटकणारी गर्दी आठवते. पण स्थानकाच्या पश्चिमेला असलेले सोपारे हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक होय. अपरान्ताची, म्हणजे कोकणाची, ही राजधानी आणि पश्चिम समुद्रावरील नामांकित बंदर. आज खाडी गाळाने भरली आहे, समुद्र दूर गेला आहे आणि ज्या ठिकाणी परदेशी गलबते लागत असत तेथे सोसायट्यांची नावे वाचावयास मिळतात.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या तालमीत तयार झालेल्या या जुनागढच्या पंडिताला टेकडीच्या पोटात स्तूप सापडला. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी होती. त्या पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती मांडलेल्या तांब्याच्या आठ बुद्धमूर्ती, करंडकात एकात एक बसविलेल्या चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या व सोन्याच्या डब्या आणि सर्वांत आतल्या डबीत मातीच्या पात्राचे तेरा तुकडे निघाले. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे हे अवशेष आहेत, अशा श्रद्धेने कोणीतरी ते तेथे ठेवले होते. सोन्याच्या डबीत मातीची खापरे ठेवणाऱ्या त्या काळाची मूल्ये काय होती, हे त्यावरून कळते. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

याच शोधात भगवानलालांना सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. चौदा प्रमुख लेखांपैकी तो आठव्या लेखाचा भाग निघाला. पुढे १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगावात आणखी एक तुकडा सापडला. तो नवव्या लेखाचा होता. दोन्ही आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. चौदा लेखांपैकी नेमके हे दोनच लेख या भूमीने जपून ठेवले, हा योगायोग आहे; पण विचार करण्याजोगा योगायोग आहे. कारण आठवा लेख राजाच्या दौऱ्यांविषयी आहे आणि नववा समारंभांविषयी.

आठव्या लेखाचा आशय थोडक्यात असा की, पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात. शिकार आणि करमणूक हा त्यांच्या प्रवासाचा हेतू असे. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे आजच्या बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यायची, त्यांना दान द्यायचे, वृद्धांना भेटून त्यांना साहाय्य करायचे आणि जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या, लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचे. नवव्या लेखात अशोक म्हणतो की, आजारपणात, विवाहात, अपत्यजन्मात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल दास-सेवकांशी नीट वागण्यात, वडीलधाऱ्यांच्या आदरात, प्राणिमात्राविषयीच्या संयमात आणि दानात आहे.

दोन सार्वभौम राष्ट्रांच्या प्रमुखांच्या भेटीला ही दोन मापे लावून पाहिली तर काय दिसते? दिसानायके बोधगयेला गेले, म्हणजे आठव्या लेखातील यात्रेचे ठिकाण तेच राहिले. पण त्या लेखातील उरलेला भाग, जनपदातील लोकांच्या भेटीचा, कोणत्याही राजशिष्टाचाराच्या कार्यक्रमपत्रिकेत शोधून सापडत नाही. आणि नवव्या लेखात ज्यांना अल्पफळ म्हटले आहे ते विधी मात्र तोफांच्या सलामीसह यथासांग पार पडतात.

लंकेची आठवण

सोपाऱ्याविषयी भारतीयांना फारसे आठवत नसले तरी लंकेला आठवते. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास अनुराधपुरात रचलेल्या 'महावंस' या पाली ग्रंथात आणि त्याहून जुन्या 'दीपवंसा'त सिंहली लोकांचा आद्य राजा विजय याची कथा आहे. ही कथा लंकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विजय हा लाळ देशाच्या सिंहबाहू राजाचा पुत्र. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या दांडगाईला प्रजा कंटाळली, तेव्हा राजाने त्याला सातशे साथीदारांसह जहाजात घालून देशाबाहेर काढले. हे जहाज लंकेला पोहोचण्यापूर्वी ज्या बंदराला लागले त्याचे नाव सुप्पारक, म्हणजे सोपारे.

सोपाऱ्याच्या लोकांनी या सातशे परक्या माणसांना बोलावून घेतले, त्यांचा आदरसत्कार केला, असे दीपवंस सांगतो. परंतु पाहुण्यांनी गावात मद्यपान, चोरी, व्यभिचार असे सर्व प्रकार आरंभिले आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी त्यांचा निकाल लावण्याचे मनात आणले. महावंस हा प्रसंग थोडक्यात उरकतो. साथीदारांच्या दांडगाईमुळे भय वाटून विजयाने पुन्हा जहाज हाकारले, एवढेच तो म्हणतो. ही कथा इतिहास म्हणून कितपत स्वीकारावी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत. तिचे महत्त्व वेगळे आहे. एका राष्ट्राने आपल्या आद्यपुरुषाची गोष्ट लिहिताना तो परगावी वाईट पाहुणा ठरला हे लपवून ठेवले नाही, आणि ज्यांनी त्याचे स्वागत केले त्या गावाचे नाव दीड हजार वर्षे जपले. आपल्या पूर्वजांच्या चुका इतक्या निःसंकोचपणे नोंदविणारे राष्ट्रीय ग्रंथ जगात फार नाहीत.

महावंसात अपरान्ताचे नाव आणखी एका ठिकाणी येते. पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स या स्थविरांनी निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक पाठविले. त्या यादीत अपरान्ताला गेलेल्या स्थविराचे नाव योन धम्मरक्खित असे आहे आणि लंकेला गेलेल्या स्थविराचे महिंद, म्हणजे परंपरेनुसार अशोकाचा पुत्र महेंद्र. कोकण आणि लंका ही एकाच यादीतली दोन नावे आहेत. भारताने लंकेला धर्म दिला, असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. त्यात दात्याचा भाव डोकावतो. या यादीकडे पाहिले तर कोकण दात्यांच्या रांगेत बसत नाही. लंकेबरोबर तेही घेणाऱ्यांच्या रांगेत आहे. पुढे कोकणातला तो दिवा विझला आणि लंकेत तेवत राहिला. एवढेच नव्हे, तर विसाव्या शतकात महाराष्ट्राला तो पुन्हा लावायचा होता तेव्हा वात लंकेतूनही आणावी लागली. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये बुद्धाच्या शोधात सिलोनला गेले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले आणि ते ज्ञान त्यांनी मराठीत आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी लंकेत गेले होते; त्यानंतर सहा वर्षांनी नागपूरची धम्मदीक्षा झाली. तेव्हा लंकेचा नेता महाराष्ट्राच्या भूमीवर येईल तर तो उपकृत म्हणून येणार नाही. देण्याघेण्याचा हिशेब या प्रांतापुरता तरी बरोबरीचा आहे.

यजमान पाहुणा होतो तेव्हा

विजयाच्या कथेतील यजमान-पाहुण्यांची जागा अलीकडच्या इतिहासात एकदा उलटी झाली होती. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारीत असताना रांगेतील एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला. निमंत्रित पाहुण्यावर स्वागताच्याच रांगेतून असा हल्ला होण्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही. भारतीय शांतिसेना लंकेत गेली ती तेथील सरकारच्या संमतीने. परंतु ज्यांच्या रक्षणासाठी ती गेली असे सांगितले जात होते त्या तामिळांच्या सशस्त्र संघटनेशीच तिला लढावे लागले, आणि सिंहली बहुसंख्य तिच्याकडे आक्रमक म्हणून पाहू लागले. सुमारे बाराशे भारतीय जवान तेथे कामी आले. अध्यक्ष प्रेमदासा यांनी सैन्य परत न्या असे जाहीरपणे सांगितले आणि २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजात बसली. बोलावलेला पाहुणा नकोसा होऊन समुद्रमार्गे निघून गेला. फक्त या वेळी निघून जाणारे भारतीय होते.

दिसानायके यांचा जनता विमुक्ती पेरमुना हा पक्ष त्या काळात शांतिसेनेच्या विरोधात सर्वांत कडवा होता. 'भारतीय विस्तारवाद' हा त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना शिकविल्या जाणाऱ्या पाठांपैकी एक पाठच होता. १९८७ ते १९८९ या काळात त्या पक्षाने सशस्त्र उठाव केला, सरकारने तो तितक्याच निर्दयपणे मोडला आणि या दोहोंत हजारो तरुण प्राणांस मुकले. अशा पक्षाचा नेता पस्तीस वर्षांनी अध्यक्ष होतो, पहिला परदेश-दौरा भारताचा करतो आणि लंकेची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू दिली जाणार नाही असे दिल्लीत सांगतो, हा बदल क्षुल्लक नाही. भारतानेही समंजसपणा दाखविला. दिसानायके सत्तेपासून दूर होते तेव्हाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांना रीतसर निमंत्रण देऊन दिल्ली, गुजरात व केरळ दाखविण्यात आले. सत्तेवर असलेल्याला हार घालणे सोपे असते. उद्या सत्तेवर येऊ शकणाऱ्या टीकाकाराला आज घरी बोलावणे, हे शेजारधर्माचे अधिक जाणते रूप आहे. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी कोलंबोला गेले तेव्हा त्यांनी शांतिसेनेच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिले. ज्या सैन्याला एकेकाळी जा म्हटले त्याच्या मृतांचे स्मारक लंकेने आपल्या भूमीवर उभारले आहे, याचीही नोंद घेतली पाहिजे.

मदत आणि मिंधेपणा

या बदलामागे २०२२ चे वर्ष आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जांची फेड थांबविली. पेट्रोलच्या रांगांत माणसे दिवसदिवस उभी राहिली, औषधे संपली, परीक्षांसाठी कागद मिळेना आणि जुलैत अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना देश सोडून पळावे लागले. त्या काळात भारताने कर्ज, इंधन, धान्य आणि औषधे मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या 'दित्वा' चक्रीवादळात लंकेत सहाशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही भारताची जहाजे आणि विमाने सर्वांत आधी पोहोचलेल्यांत होती.

ही मदत योग्यच होती. प्रश्न तिच्या उल्लेखाचा आहे. संकटात धावून जाणारा शेजारी पुढे प्रत्येक भेटीत त्याची आठवण करून देऊ लागला तर घेणाऱ्याला घेतलेले जड होते. वसईतल्या कोणत्याही वाड्यातल्या वा चाळीतल्या गृहिणीला हे ठाऊक असते. परराष्ट्र खात्याला ते वेगळे शिकविण्याची गरज पडू नये. लंका हंबनटोटाचे बंदर २०१७ मध्ये नव्याण्णव वर्षांच्या कराराने चिनी कंपनीला देऊन बसली आहे. दिल्लीनंतर महिन्याभरातच, जानेवारी २०२५ मध्ये, दिसानायके बीजिंगला गेले आणि तेथे तेलशुद्धीकरण कारखान्याचा मोठा करार झाला. यावर भारतात काही ठिकाणी कृतघ्नतेचा सूर निघाला. पण सव्वादोन कोटी लोकवस्तीच्या, कर्जाने वाकलेल्या देशाने दोन मोठ्या शक्तींशी एकाच वेळी बोलावे यात नवल काय? आपल्या दक्षिण किनाऱ्यासमोर परकी युद्धसज्ज जहाजे नांगरू नयेत, एवढी अपेक्षा ठेवण्याचा भारताला पूर्ण अधिकार आहे. लंकेने दुसऱ्या कोणाशी व्यापारच करू नये, हा अधिकार मात्र चार अब्ज डॉलरांनी विकत मिळत नाही. पहिली अपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगावी आणि दुसरी मनातूनही काढून टाकावी, यात शहाणपण आहे.

जनपदातील लोक

आठव्या शिलालेखातील विस्मृत भाग आठवावा असा सर्वांत जळजळीत विषय मच्छीमारांचा आहे. १९७४ च्या कराराने कच्चतीवू बेट लंकेकडे गेले आणि १९७६ च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या हद्दीतील मासेमारी बंद ठरली. प्रत्यक्षात ती थांबली नाही. तामिळनाडूचे ट्रॉलर पाल्कच्या सामुद्रधुनीत लंकेच्या बाजूला जातात, लंकेचे नौदल त्यांना पकडते, बोटी जप्त होतात, माणसे तुरुंगात जातात, कधी जीवही जातात. प्रत्येक शिखरभेटीत 'मानवतेच्या दृष्टिकोनातून' हा प्रश्न सोडविण्याचे ठरते आणि पुढच्या भेटीत तो पुन्हा विषयपत्रिकेवर असतो.

भारतीय वृत्तपत्रांतून ही कथा सिंहली नौदल विरुद्ध तामिळ मच्छीमार अशी येते. ती अर्धीच आहे. समुद्राच्या पलीकडच्या तीरावर, जाफना व मन्नार येथे, राहणारे मच्छीमारही तामिळच आहेत. गृहयुद्धाच्या काळात त्यांना समुद्रात जाण्याची मनाई होती. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर ते लहान होड्या घेऊन पाण्यात उतरले, तो समोरून मोठे ट्रॉलर येऊन त्यांची जाळी तोडू लागले आणि समुद्राचा तळ खरवडून नेऊ लागले. लंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली, तिच्यामागे या माणसांचा आक्रोश होता.

हे दुःख समजून घ्यायला अर्नाळ्याच्या वा पाचूबंदरच्या कोळ्याला दुभाष्या लागणार नाही. पर्ससीन जाळ्यांनी किनारा ओरबाडला जातो म्हणून येथील पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, तेव्हा कोठे २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. डोल जाळ्यांसाठी समुद्रात कव मारण्याच्या जागांवरून वसई-उत्तनकडचे आणि पालघरकडचे मच्छीमार एकमेकांसमोर उभे राहिले आहेत. दोन्हीकडे कोळीच आहेत. आणि सागरी सीमेची रेषा चुकली तर काय होते, हे डहाणू-तलासरीच्या पाड्यांना विचारावे. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली तेथील माणसे कराचीच्या तुरुंगात वर्षे काढून आली आहेत. रामेश्वरमच्या मच्छीमाराची अटक आणि जाफन्याच्या मच्छीमाराचे तुटलेले जाळे, ही दोन्ही दुःखे एकाच वेळी ज्याला कळू शकतील असा माणूस पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहतो. शिष्टमंडळांच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते.

तामिळ प्रांतांच्या स्वायत्ततेचेही तसेच. १९८७ च्या करारातून लंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती आली आणि प्रांतिक मंडळे स्थापन झाली. २०१४ नंतर दहा वर्षे उलटून दिसानायके दिल्लीत आले तेव्हाही त्या मंडळांच्या नव्या निवडणुका झालेल्या नव्हत्या. भारताने याची आठवण द्यावी. कारण त्या करारावर भारताची सही आणि भारतीय जवानांचे रक्त आहे. पण ती देताना आपल्याकडे काय चालले आहे हेही पाहावे. मुंबई महापालिकेच्या २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तेथे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार केला, आणि वसई-विरार महापालिकेचा अनुभव त्याहून वेगळा नव्हता. निवडणुका लांबविण्याची कला दोन्ही तीरांवर सारखीच अवगत आहे.

सोपाऱ्याने काय करावे

शेजारच्या द्वीपराष्ट्रांचे नेते मुंबईत येत नाहीत असे नाही. मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम सप्टेंबर २०२५ मध्ये येथे येऊन गेले. उद्या लंकेचा कोणी नेता उद्योगपतींना भेटण्यासाठी मुंबईत उतरला तर त्याच्या कार्यक्रमात अर्धा दिवस सोपाऱ्यासाठी का असू नये? महावंस वाचून वाढलेल्या माणसाला आपल्या आद्य राजाचे जहाज जेथे लागले असे मानतात ते गाव पाहावेसे वाटणार नाही, असे संभवत नाही. गुजरातेतील देवनी मोरी येथे सापडलेले बुद्धावशेष लंकेत दर्शनासाठी पाठविण्याचे भारताने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. सोपाऱ्याचा ठेवा मुंबईत असताना महाराष्ट्राला अशी कल्पना सुचली नाही, हे येथील उदासीनतेचे द्योतक आहे.

मात्र या सूचनेत एक धोका आहे आणि नवव्या शिलालेखाने तो आधीच सांगून ठेवला आहे. पाहुणा येणार म्हटल्यावर काय होईल याचे चित्र वसई-विरारकराला डोळे मिटूनही दिसेल. स्थानकापासून स्तूपापर्यंतच्या रस्त्यावर एका रात्रीत डांबर पडेल, फेरीवाले दोन दिवसांसाठी हटतील, कमानी उभ्या राहतील, प्रत्येक कमानीवर पाहुण्याच्या छायाचित्रापेक्षा स्थानिक पुढाऱ्याचे छायाचित्र मोठे असेल, आणि तिसऱ्या दिवशी सर्व काही पूर्ववत होईल. अशा मंगलाचे फळ अल्प असते.

तेव्हा स्वागताची तयारी पाहुण्याची तारीख ठरण्यापूर्वी सुरू व्हायला हवी, आणि ती फारशी खर्चाचीही नाही. बुद्धपौर्णिमेला स्तूपावर उपासकांची गर्दी होते. उरलेल्या दिवसांत येणाऱ्याला ही जागा काय आहे हे नीट समजावे, एवढी सोय तेथे असावी. मुंबईला गेलेल्या दोन्ही शिलालेखांच्या प्रतिकृती, त्यांचा सुबोध मराठी अनुवाद आणि शेजारी सिंहली व तामिळ अनुवाद, एवढे जरी स्तूपाच्या आवारात लागले तरी लंकेच्या यात्रेकरूला येथे आपली वाट पाहिली जात होती असे वाटेल. सिंहलीबरोबर तामिळही हवी. लंका ही दोघांची आहे, हे पाहुण्याला न दुखावता सांगण्याचा याहून सभ्य मार्ग नाही. तालुक्यातील महाविद्यालयांत पालीचा अभ्यास वाढावा. आणि असा पाहुणा आलाच, तर त्याच्या भेटीला पुढाऱ्यांच्या रांगेबरोबर अर्नाळ्याचे चार कोळीही बसवावेत. समुद्राविषयी दोन देशांना पन्नास वर्षांत जे बोलता आले नाही ते कदाचित त्यांना बोलता येईल. न आले तरी आठव्या लेखातील अट पुरी होईल.

तोपर्यंत शाळांना मोकळीक आहेच. शिलालेखाचे ते दोन तुकडे मुंबईच्या संग्रहालयात आहेत. नालासोपाऱ्याहून सकाळच्या गाडीने निघालेला वर्ग ते पाहून संध्याकाळी घरी परत येऊ शकतो. त्यातील अक्षरे मुलांना वाचता येणार नाहीत. पण हा दगड आपल्या गावचा आहे, त्यावर राजाने प्रवास कसा करावा हे लिहिले आहे आणि समुद्रापलीकडच्या एका देशाने आपल्या गावचे नाव आपल्याहून अधिक काळ लक्षात ठेवले आहे, एवढे शिक्षकांनी सांगितले तरी पुरे. पाहुणा येईल तेव्हा त्याला ओळखणारे कोणी तरी घरात असले पाहिजे.